न पेरलेली रोपे ओळखताना

बाग गच्चीवरच्या कुंड्यांची असो वा अंगणातल्या वाफ्यांची, आपण पेरतो त्यापेक्षा अधिक तेथे उगवते. मिरचीच्या कुंडीत मिरचीखेरीज आणखी तीन-चार प्रकारची रोपे डोके वर काढतात आणि ती बोटभर उंच होईपर्यंत त्यांतले आपले कोणते व आगंतुक कोणते, हेही धड सांगता येत नाही. अशा रोपांबाबत दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे दिसताक्षणी उपटावे, आणि दुसरा म्हणजे पानाचे छायाचित्र काढून जाणकाराला विचारावे. पहिल्या सल्ल्याने श्रम वाचतात, पण तगरीखाली उगवलेले पपईचे किंवा लिंबाचे रोपही तणाबरोबर जाते. दुसऱ्या सल्ल्यात अडचण अशी आहे की, कोवळ्या वयातले पान हा रोपाचा सर्वांत बेभरवशाचा पुरावा असतो. रोप ओळखायचे तर त्याच्या वाढीचा क्रम पाहावा लागतो, असे माझे मत आहे. जमिनीतून आधी काय वर आले, त्यानंतर कोणत्या घडणीचे पान फुटले, पुढचे पान त्याच्यासारखेच निघाले की वेगळे, आणि हे सारे कोणत्या जागी घडले, या चार गोष्टी एकत्र ठेवल्या तर बहुतेक रोपांचे निदान कूळ तरी कळते.

त्याआधी एक साधा प्रश्न विचारायला हवा, जो बहुधा कोणी विचारत नाही. जे उगवले आहे ते बियांतूनच उगवले आहे का? कढीपत्त्याच्या मुळांवरून मूळ झाडापासून हातभर अंतरावर फुटवे येतात आणि ते स्वतंत्र रोपांसारखेच दिसतात. नागरमोथा जमिनीतल्या गाठींतून पुन्हा पुन्हा वर येतो. पानफुटीचे गळून पडलेले पान ओल्या मातीवर राहिले, तर त्याच्या कडेच्या खाचांतून इवलीशी रोपे तयार होतात. बियांतून आलेल्या बहुतेक रोपांच्या बुडाशी बीजपत्रे, म्हणजे बियांतच तयार असलेली पहिली पाने, असतात, किंवा ती गळून गेली असली तर बहुधा त्यांच्या समोरासमोरच्या दोन खुणा असतात. फुटव्याला यांपैकी काहीच नसते. त्याचा दांडा सुरुवातीपासूनच जाड असतो आणि पाने मोठ्या झाडासारखी असतात. शंका असेल तेव्हा काडीने बुडाजवळची माती हलकेच सारावी. आडवे जाणारे मूळ किंवा गाठ दिसली, तर पुढचे सारे तर्क करण्याची गरजच उरत नाही.

बियांतून आलेल्या रोपाकडे वळताना सुरुवात बीजपत्रांपासून करावी, कारण ही पहिली जोडी पुढे येणाऱ्या पानांशी फारसे साम्य राखत नसली तरी कुळाशी मात्र इमान राखते. एक बीजपत्र असणारी आणि दोन असणारी अशी सपुष्प वनस्पतींची मोठी विभागणी जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १६८२ मध्ये मांडली. वर्गीकरणात नंतर कितीही फेरफार झाले असले तरी बागेतल्या माणसाला अजूनही तिथूनच सुरुवात करणे सोयीचे जाते. एकच सुईसारखे टोक वर आले तर ते गवत, लव्हाळा, कांदा, ताड-खजूर अशांच्या गोतावळ्यातले. त्यातही कांद्याचे रोप आकड्यासारखे वाकलेले बाहेर येते आणि मग हळूहळू सरळ होते. गवताची पहिली पात चपटी असते. लव्हाळ्याच्या जातीतल्या रोपाचा बुडखा दोन बोटांत फिरवून पाहिला तर त्याला तीन कडा जाणवतात आणि पाती तीन दिशांना निघालेल्या दिसतात. खजुराची गंमत वेगळी आहे. त्याचे पहिले पान उभ्या घड्यांच्या पट्टीसारखे असते आणि ते बी पडलेल्या जागेपासून थोडे दूर उगवते, कारण अंकुर आधी एका नळीतून बाजूला व खाली सरकतो आणि मग वर येतो. त्यामुळे बी शोधायला सरळ खाली उकरले तर ते सापडत नाही.

द्विदल रोपांच्या बीजपत्रांमध्ये विविधता विलक्षण आहे, आणि मला स्वतःला हा भाग सर्वांत अधिक आवडतो. मुळा, मोहरी, कोबी यांच्या कुळातल्या रोपांची बीजपत्रे टोकाशी खाच पडलेली, म्हणजे उलट्या बदामाच्या आकाराची असतात. मॉर्निंग ग्लोरीच्या वेलींची बीजपत्रे मधोमध खोलवर दुभंगलेली असतात. त्याच कुळातल्या गणेशवेलीत हा दुभंग इतका खोल आणि त्याचे फाटे इतके अरुंद असतात की, दोन बीजपत्रांऐवजी चार बारीक पट्ट्या आहेत असे वाटते. भोपळा, काकडी, दुधी यांची बीजपत्रे जाड, लंबगोल व मांसल असतात आणि कित्येकदा त्यांच्या टोकावर बियांचे कवच टोपीसारखे अडकून राहिलेले असते. तेरड्याची बीजपत्रे गोलसर व टोकाशी किंचित खाचलेली, गुलबक्षीची रुंद, मूत्रपिंडाच्या आकाराची आणि एक दुसऱ्यापेक्षा लहान, तर माठ-तांदुळजा यांची अरुंद आणि बरेचदा खालच्या बाजूने लालसर असतात. कोथिंबिरीची बीजपत्रे लांब पट्टीसारखी असतात. तिच्या एका दाण्यात दोन बिया जोडून असल्यामुळे दोन रोपे अगदी खेटून उगवलेली दिसली, तर तोही एक दुवा ठरतो.

सर्वच रोपे बीजपत्रे वर आणत नाहीत. आंबा, वाटाणा आणि हरभरा यांची बीजपत्रे बियांतच, मातीखाली किंवा मातीलगत राहतात आणि वर येतो तो थेट कोंब. उलट चिंचेची जाडजूड बीजपत्रे दांड्यावर बसून जमिनीच्या बरीच वर येतात, आणि मूग व घेवडा यांचीही येतात. डाळवर्गीय रोप दिसले पण बीजपत्रे कोठेच दिसली नाहीत, एवढ्या एका निरीक्षणावरून मूग बाद होतो आणि वाटाणा-हरभरा उरतात. अर्थात बीजपत्रे गळून गेल्यावर, किंवा गोगलगायीने खाल्ल्यावर, ही कसोटी लावता येत नाही. म्हणून रोप दिसले त्याच दिवशी त्याच्याकडे नीट पाहून घ्यावे, हे उत्तम.

यानंतर येते ते खरे पान. बहुतेकांची फसगत येथे होते, कारण अनेक वनस्पतींची बालपणीची पाने आणि मोठेपणीची पाने यांत काहीही साम्य नसते. घेवड्याची व मुगाची पहिली दोन पाने साधी आणि समोरासमोर असतात. तीन पर्णिकांचे, म्हणजे एकाच देठावरच्या तीन छोट्या पानांचे, परिचित पान त्यांच्यानंतर येते. मेथीचे पहिले पानही असेच एकसंध असते. फणसाच्या रोपाला आणि कोवळ्या फांद्यांना पुष्कळदा खोल खाचा असलेली पाने येतात, तर मोठ्या झाडाची पाने अखंड कडांची असतात. त्यामुळे मोठा फणस डोळ्यांसमोर ठेवून रोप शोधणाऱ्याला ते सापडणारच नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीचे उदाहरण याहून ठळक आहे. तिच्या रोपाला आधी बाभळीसारखी बारीक पर्णिकांची संयुक्त पाने येतात, पुढे पानांचे देठ चपटे होत जातात, पर्णिका कमी होतात आणि अखेरीस केवळ देठच पानाचे काम करू लागतात. मधल्या अवस्थेत एकाच रोपावर दोन्ही प्रकार दिसतात आणि अनोळखी माणसाला ही दोन झाडे एकत्र उगवली आहेत असे वाटते.

याचा उपयोगही करून घेता येतो. चिंच, सुबाभूळ आणि गुलमोहर ही तिन्ही रोपे लहानपणी पिसासारख्या संयुक्त पानांची असतात आणि पहिल्या पानावरून त्यांच्यात घोळ होणे अगदी स्वाभाविक आहे. चिंचेचे पान पुढेही तसेच, एकदाच विभागलेले, राहते. सुबाभूळ आणि गुलमोहर यांची नंतरची पाने मात्र दोनदा विभागलेली असतात, म्हणजे मुख्य दांड्याला उपदांड्या आणि उपदांड्यांना पर्णिका. म्हणून येथे निर्णय दुसऱ्या-तिसऱ्या पानावर सोपवावा. कडुनिंबाच्या रोपाची सुरुवातीची पानेही झाडावरच्या लांब पानांच्या मानाने आखूड आणि कमी पर्णिकांची असतात, आणि बकाणा निंबाच्या रोपांशी त्यांची गल्लत होते. पुढे बकाण्याची पाने दोनदा विभागतात, कडुनिंबाची एकदाच. चार-पाच खरी पाने येईपर्यंत थांबण्याचा सल्ला देतात तो एवढ्यासाठीच.

पानाच्या आकारापेक्षा काही गोष्टी अधिक विश्वासार्ह असतात, त्यांतली एक म्हणजे पानांची मांडणी. पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे लहान रोपातही दिसते, मात्र पहिली जोडी सोडून पुढच्या पानांवरून ठरवावे. दुसरी गोष्ट म्हणजे दांड्याचा आकार. दांडा चौकोनी, पाने समोरासमोर आणि चुरडल्यावर वास, असे त्रिकूट जमले की तुळस, सब्जा, पुदिना यांचे कूळ आठवावे. पण तेथेच थांबू नये, कारण घाणेरीतही हीच तीन लक्षणे आढळतात. घाणेरीचे पान हाताला खरखरीत लागते आणि तिचा वास उग्र असतो. तुळशीशेजारी उगवलेली घाणेरी लहानपणी अगदीच सोज्वळ दिसते आणि तिला तुळशीच्या भाऊबंदांत सहज जागा मिळून जाते.

वास ही माझ्या मते सर्वांत कमी वापरली जाणारी कसोटी आहे. टोमॅटोच्या रोपाचा वास दोन पाने आली तरी ओळखू येतो. लिंबू आणि संत्र्याच्या कुळातली पाने उजेडासमोर धरली की त्यांत तेलाचे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्यात देठाला दोन्ही बाजूंनी पानाची अरुंद पट्टी असेल आणि देठ व पान यांच्यामध्ये सांधा दिसत असेल, तर ते रोप लिंबूवर्गीयच होय. मात्र पान चुरडताना चीक निघाला तर हात डोळ्यांना लावू नये. वड-पिंपळ, रुई, पपई, निवडुंगासारखे शेर यांपैकी कोणीही ते असू शकते आणि त्यांतल्या काहींचा चीक डोळ्यांना गंभीर इजा करतो. वड-पिंपळांच्या कुळाची आणखी एक खूण म्हणजे शेंड्याच्या कळीवर गुंडाळलेले टोकदार आवरण. ते गळून पडले की दांड्यावर त्याच जागी गोल कडे उमटते.

आता ज्या जोड्यांनी खरा गोंधळ होतो त्यांच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. पहिली जोडी टोमॅटो-मिरची आणि त्यांचे जंगली नातेवाईक. टोमॅटोची बीजपत्रे अरुंद व टोकदार, त्यांच्याखालचा दांडा लवयुक्त व जांभळट, आणि पहिले खरे पान लगेच कातरलेले असते. मिरचीचे सारे अंग गुळगुळीत असते. कामोणीचे रोप मिरचीसारखे दिसते पण त्याच्या दांड्यावर व पानांवर बारीक लव असते. धोत्र्याची बीजपत्रे टोमॅटोसारखीच अरुंद, पण बरीच लांब असतात व खूप दिवस टिकतात, त्याचे खरे पान कातरलेले नसून अंडाकृती निघते आणि चुरडल्यावर त्याचा वास अप्रिय असतो. धोत्र्यात अॅट्रोपीन व स्कोपोलामीन ही विषारी द्रव्ये असतात. त्यामुळे येथे केलेली चूक केवळ एक कुंडी वाया जाण्यापुरती राहत नाही, आणि एखादे रोप पालेभाजीसारखे दिसते म्हणून त्याचे पान चाखून पाहणे तर पूर्ण वर्ज्यच समजावे.

दुसरी जोडी झेंडू आणि गाजर गवत. दोघांची पाने कातरलेली, दोघेही एकाच मोठ्या कुळातले. झेंडूची सुरुवातीची पाने समोरासमोर येतात, दांडा बहुधा लालसर असतो, पानाच्या कडा दातेरी असतात आणि बोट लावताच वास येतो. गाजर गवताची पाने आधी जमिनीलगत चक्राकार पसरतात, त्यांचा हिरवा रंग फिकट असतो आणि त्यांवर मऊ पांढुरकी लव असते. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या त्वचेला व श्वासाला त्रास होतो, म्हणून ओळख पटली की हातमोजे घालून, फुलावर येण्यापूर्वी, मुळासकट काढावे. तिसरी जोडी भुईमूग आणि टाकळा. भुईमुगाच्या पानाला चार पर्णिका असतात, तर टाकळ्याच्या पूर्ण वाढलेल्या पानाला बहुधा तीन जोड्या असतात आणि त्यांतली टोकाची जोडी सर्वांत मोठी असते. दोघेही रात्री पाने मिटतात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबून चालत नाही. घेवड्यासारखे तीन पर्णिकांचे पान असणारा वेल कुंपणाजवळ आपोआप उगवला असेल तर खाजकुइलीची शक्यता मनात ठेवावी आणि शेंगा येण्याची वाट पाहत बसू नये.

रोपाकडे इतके पाहिल्यानंतर जागेकडेही पाहावे, कारण बी कशाने आले हे जागा सांगते. तारेखाली, कठड्याखाली, पक्षी बसतात त्या फांदीखाली उगवलेले रोप बहुधा पक्ष्यांनी खाल्लेल्या गरयुक्त फळाचे असते, जसे कडुनिंब, तुती, घाणेरी, पिंपळ. भिंतीच्या फटीत अंजीरवर्गीय झाडे दिसतात त्यामागेही पक्षी व वटवाघळेच असतात. वाऱ्यावर उडणाऱ्या रुई आणि एकदांडी यांच्या बिया कोठेही पडतात, तरी कोपऱ्यात जेथे पालापाचोळा अडकतो तेथे त्या अधिक सापडतात. तेरडा, अबोली आणि आंबुटी यांच्या शेंगा तडकून बी फेकतात, म्हणून त्यांची रोपे मूळ झाडाभोवती काही हातांच्या परिसरात आढळतात. अबोलीच्या वाळलेल्या शेंगा तर पाणी लागताच फुटतात आणि पाणी घालून झाल्यावर कुंडीतून टकटक आवाज येतो. ओल्या कचऱ्याचे खत घातलेल्या वाफ्यात टोमॅटो, भोपळा, पपई, मिरची झुबक्याने उगवतात. रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीच्या काठालगत आंबुटीसारखी बारीक तणे येतात, ती त्या मातीबरोबरच आलेली असतात.

यांपैकी कशानेही उलगडा होत नसेल, तर बी जुनेच असण्याचा संभव आहे. मातीत बियांचा केवढा साठा असतो, याचा अंदाज चार्ल्स डार्विनच्या एका प्रयोगावरून येतो. त्याने एका लहान तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल घेतला. वाळल्यावर त्याचे वजन पावणेसात औंस, म्हणजे सुमारे १९० ग्रॅम भरले. सहा महिने तो झाकून ठेवून त्याने उगवणारे प्रत्येक रोप मोजून उपटले, आणि त्यांची संख्या ५३७ झाली. त्याच्याच दुसऱ्या निरीक्षणात तीन फूट लांब व दोन फूट रुंद अशा खणून साफ केलेल्या जागेत तणांची ३५७ रोपे उगवली आणि त्यांतली २९५ मुख्यतः गोगलगायी व किडे यांनी नष्ट केली. बिया किती काळ टिकतात हे पाहण्यासाठी विल्यम बील या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये मिशिगनमध्ये वीस बाटल्या पुरल्या. प्रत्येकीत २१ प्रकारच्या वनस्पतींच्या पन्नास-पन्नास बिया होत्या. २०२१ मध्ये त्यांतली एक बाटली उकरली, तेव्हाही व्हर्बॅस्कम या वनस्पतीच्या बिया उगवल्या. त्यांतले एक रोप दोन जातींचा संकर असल्याचे जनुकीय तपासणीनंतर कळले, यावरून रोपांच्या दिसण्यावर किती विसंबावे याचीही कल्पना येते. अनेक बारीक बिया उजेड मिळाल्याखेरीज रुजत नाहीत, त्यामुळे वाफा खोल खणला की वर्षानुवर्षे खाली निजलेले तण एकदम वर येते. नवी माती घातली नाही, खत घातले नाही, तरी हे कोठून आले, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एवढेच असते.

एकाच प्रकारची अनेक रोपे असतील, तर त्यांतले एक बळी द्यावे. माती भिजवून ते मुळासकट अलगद उचलले की बियांचे कवच किंवा दाण्याचे टरफल अनेकदा बुडाशी चिकटलेले सापडते आणि सगळा वाद तेथेच मिटतो. मका आणि ज्वारी यांची रोपे वरून जवळजवळ सारखी दिसतात, पण खाली दाणा वेगवेगळा असतो. पपईच्या बुडाशी काळे सुरकुतलेले कवच सापडते, तर कारल्याच्या बुडाशी नक्षीदार. आंब्याच्या काही वाणांत एकाच कोयीतून अनेक रोपे येतात आणि लिंबूवर्गीय झाडांत एकाच बीतून. संत्र्याच्या बियांतली ही बहुभ्रूणता लेव्हेनहूक या डच सूक्ष्मदर्शक-संशोधकाने १७१९ मध्येच नोंदवली होती. एकाच ठिकाणी तीन-चार आंबे उगवलेले पाहून कोणी तितक्या कोयी पुरल्या असाव्यात, असे म्हणूनच समजू नये.

भ्रमणध्वनीवरील ओळख सांगणाऱ्या अॅपबद्दल थोडक्यात सांगायचे तर, ती वापरावीत पण त्यांचे उत्तर निकाल म्हणून घेऊ नये. प्लँटनेट किंवा आयनॅचरलिस्ट यांसारख्या साधनांपुढे फूल, फळ किंवा पूर्ण वाढलेले पान ठेवले तर ती चांगली उत्तरे देतात. बीजपत्रांच्या अवस्थेतल्या रोपाला मात्र ती मोठ्या आत्मविश्वासाने भलतेच नाव देतात. छायाचित्र काढताना एक वरून, एक बाजूने आणि एक दांड्याचे जवळून, असे तीन तरी काढावे, शेजारी एखादे नाणे ठेवावे आणि मागे साधा कागद धरावा. साधनाने सुचवलेल्या जातीपेक्षा त्याने सुचवलेल्या कुळाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण कूळ बरोबर असण्याचा संभव जास्त असतो.

माझा अधिक भर तुलनेवर असतो. जे रोप टोमॅटोचे वाटते, त्याच्यासाठी खात्रीच्या टोमॅटोच्या चार बिया शेजारच्या कुंडीत टाकाव्यात. दोन आठवड्यांत खरी प्रत समोर उभी राहते आणि तिच्याशी बीजपत्रे, लव, रंग, वास असा एकेक तपशील ताडून पाहता येतो. पेरताना प्रत्येक ओळीच्या टोकाला नाव लिहिलेली पट्टी खोचावी आणि बी रेषेत टाकावे. रेषेबाहेर उगवलेले ते आगंतुक, ही ढोबळ कसोटी वाफ्यांमध्ये फार उपयोगी पडते. आगंतुकाजवळही एक काडी रोवून ठेवावी, नाहीतर पुढच्या वेळी पाहायला गेल्यावर हे तेच रोप की दुसरे, असा नवाच प्रश्न उभा राहतो.

ओळख पटल्यावरही काही गोष्टी रोपावरून कळत नाहीत. पपईचे रोप नर आहे की मादी, हे फुले येईपर्यंत दिसत नाही. संकरित टोमॅटोच्या बियांपासून आपोआप उगवलेले रोप आईसारखे फळ देईल याची खात्री नसते. आंब्याच्या ज्या वाणांत कोयीतून एकच रोप येते, त्यांचेही तसेच. भोपळा आणि झुकिनी यांच्या बाबतीत हा प्रश्न गंभीर होतो, कारण एकाच जातीतले शोभेचे कडू भोपळे जवळपास असतील तर त्यांच्या परागाने झालेला संकर बाहेरून अगदी साधा दिसतो आणि आतून कडू व विषारी निघू शकतो. हा कडवटपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांमुळे असतो आणि शिजवल्याने तो जात नाही. २०१५ मध्ये जर्मनीत घरच्या बागेतली कडू झुकिनी खाल्ल्याने एका वृद्धाचा मृत्यू झाला होता. आपोआप उगवलेल्या वेलाचे फळ जिभेला किंचितही कडू लागले तर थुंकून टाकावे आणि तो वेल काढून टाकावा. दुधी व काकडी यांनाही हाच नियम लावावा.

राहता राहिला ठेवायचे की काढायचे हा प्रश्न. भिंतीच्या फटीतला पिंपळ बोटभर असतानाच, ओल्या दिवसांत, मुळासकट निघाला तर निघतो. पुढे त्याचे खोड छाटूनही तो मुळांतून पुन्हा फुटतो आणि भिंतीचे नुकसान होते. घराच्या पायाजवळ उगवलेल्या इतर वृक्षांनाही हीच घाई लागू आहे. जे ठेवायचे आहे ते लवकर हलवावे, कारण पपई, चिंच, कडुनिंब अशांचे सोटमूळ दांड्यापेक्षा वेगाने खाली जाते आणि उशिरा उपटताना तुटते. सायंकाळी, भिजलेल्या मातीच्या गोळ्यासह, बीजपत्रे शाबूत असताना हलवलेले रोप सहसा दगावत नाही. जे ओळखता आले नाही आणि त्रासदायकही वाटत नाही, ते वेगळ्या कुंडीत लावून फुलण्याची वाट पाहावी, कारण फूल आले की कुळाबद्दल शंका उरत नाही. गवतांची ओळख मात्र तुऱ्याशिवाय पटत नाही आणि तुरा येतो तोवर बी धरण्याची वेळ आलेली असते. म्हणून पहिला तुरा दिसताच त्याची एक काडी पात व बुडख्यासकट जुन्या कागदात दाबून ठेवावी, कागदावर जागा आणि तारीख लिहावी, आणि बाकीचे गवत त्याच दिवशी काढून टाकावे.